दुसरं कडवं

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

दर रविवारप्रमाणे आज बरोबर पाचला धम्मदीपला फोन लावला. दुसऱ्याच घंटीला उचलला. इकडे गोरेगावात अजून तुरीच्या शेंड्यांवर ऊन होतं आणि तिकडे म्हणे मिट्ट काळोख. पूर्वेकडचे डोंगर, तिथला दिवस साडेचारलाच आटोपतो. मला याची फार गंमत वाटते. एकाच देशात बापाच्या अंगणात ऊन आणि लेकाच्या अंगणात दिवेलागण.

खाली त्यांच्या तळावर रेंज नसते. म्हणून पोरगं दर रविवारी टेकडीवर येतं, केवळ माझ्या फोनसाठी. ती टेकडी मी पाहिलेली नाही. पण मनात मी तिच्यावर एक झाड लावलं आहे, झाडाखाली दगड ठेवला आहे आणि दगडावर माझ्या धम्मदीपला बसवलं आहे.

आज चौथीच्या जुन्या पुस्तकातली पाण्याची कविता होती. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुलांना कविता वाचायला लावल्या नाहीत, चालीवर म्हणायला लावल्या. चालीवर म्हटलेली कविता मरेपर्यंत विसरत नाही. पलटणीत नायक झाला तरी रविवारी त्यानं एक कविता म्हणायचीच, हा आमचा करार.

पहिलं कडवं छान म्हटलं. दुसऱ्यात अडखळला.

डोंगर मागे, पुढती माळ,
कोण तुझी रे वाट पाही?

इथे थांबला. मी म्हटलं, "आठव, आठव." तर म्हणाला, "बाबा, एक मिनिट." मी म्हटलं, "मिनिट-बिनिट काही नाही. कडवं आधी पुरं कर. पहिल्यापासून घे." पोरगं गुणी. हळू आवाजात, पण चाल न सोडता सगळं कडवं म्हणालं. 'उभी कुणाची असेल आई' या ओळीला फोन कट झाला. पुन्हा लावला, लागला नाही. रेंज गेली असणार.

केशर, त्याची आई, शेजारीच बसली होती. म्हणाली, "मागं कुत्रं किती भुंकू राहिलं होतं."

म्हटलं, "कुत्र्यालाही कविता कळते."

ती हसली नाही. म्हणाली, "तिकडं बंडखोरांचं लय वाढलंय म्हणतेत. पोराला नीट काळजीचं विचारायचं सोडून तुमचं आपलं कडवं."

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी पोलीस पाटील आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काल आणलं त्याला. पेटी उघडू दिली नाही. भंतेंनी त्रिसरण दिलं, बंदुका झाडल्या, सेनगावहून, हिंगोलीहून माणसं आली होती. मला गर्दी आठवते, चेहरे आठवत नाहीत.

सोबत आलेले सुभेदार सांगत होते, बंडखोरांनी तळावर टेकडीच्या बाजूनं हल्ला केला. तिथे तीन नंबरचा मोर्चा, म्हणजे पहाऱ्याची चौकी, आहे. हल्ला तिथून आत येत होता. धम्मदीपची पाळी नसताना तो त्या मोर्च्यावर लढला. ओरडून त्यानं खालच्यांना सावध केलं, अकरा गोळ्या झाडल्या. त्यामुळे खालची चाळीस माणसं वाचली. पदकासाठी नाव जाणार आहे. गावच्या शाळेलाही त्याचं नाव द्यायचं सरपंच म्हणाले.

सुभेदारांनी घटनेचा एक कागद दिला. मी न वाचता कपाटात ठेवला. ज्या कागदावर त्याच्या नावाआधी 'शहीद' लिहिलं असेल तो कागद मला वाचायचा नाही.

गावातल्या उत्तमरावांचा हरीश त्याच पलटणीत. दोघं एका वर्गात शिकले, एकाच भरतीत लागले. हरीशच्या पायाला गोळी लागली आहे. तो वाचला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज टीव्हीवर तळावरच्या एका जखमी जवानाला दाखवलं. उत्तरेकडचा कोवळा मुलगा, डोक्याला पट्टी. हिंदीत म्हणाला, "तीन नंबर पे जो संतरी था, वो फोन पे गाना गा रहा था. हमने नीचे से सुना. उसी टाइम वो लोग तार काट के अंदर आए."

गाणं!

पहाऱ्यावर फोन न्यायला बंदी असते, हे मलाही ठाऊक आहे. कोणीतरी हरामखोर पहारा सोडून कुणाला तरी गाणं ऐकवत होता आणि माझं लेकरू दुसऱ्याची चूक निस्तरायला धावलं.

माझा पुतण्या रत्नपाल हिंगोलीला वकिली करतो. त्याला लगेच फोन केला. म्हटलं, त्या वेळी तीन नंबरवर कुणाची पाळी होती ते काढ.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काढायची गरज पडली नाही. उत्तमराव स्वतः दारात आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, दुसऱ्याकडून कळण्यापरीस मीच सांगतो. वहीत त्या पाळीला आमच्या हरीशचं नाव हाय. चौकशी बसलीय त्याच्यावर."

मी विचारलं, "गाणं कुणाला ऐकवत होता? त्या कळमनुरीच्या पोरीला?"

कळमनुरीच्या व्यंकटरावांच्या पुनमशी हरीशचं लग्न ठरलं आहे. माघात तारीख आहे.

उत्तमराव म्हणाले, "काही बोलून न्हाई राहिला पोरगा. दवाखान्यात निस्ता भिंतीकडं तोंड करून पडलाय."

"बोलेल," मी म्हटलं. "मी बोलायला लावीन. माझाच विद्यार्थी आहे."

आज मला खरी भूक लागली. नऊ दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या. केशर माझ्याकडे बघत राहिली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

धम्मदीपच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंते वैराबद्दल बोलले. मी त्या वेळी मंडपाचे बांबू मोजत होतो. एकेचाळीस होते.

उत्तमराव आणि हरीशची आई सुमनबाई आले. सुमनबाईंनी आठ माणसांचा डबा आणला होता. मी माइक हातात घेऊन म्हणालो, "ज्यांच्या घरच्या गाण्यानं माझा मुलगा गेला, त्यांनी इथे बसू नये." चारशे माणसांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. सुमनबाईंच्या हातात डबा तसाच. उत्तमरावांनी तिचा दंड धरला आणि दोघं चपला शोधत राहिले. गर्दीत त्यांच्या चपला सापडत नव्हत्या. मी बघत होतो. लवकर सापडू नयेत असं वाटत होतं.

मी लहान असताना उत्तमरावांच्या वडलांच्या विहिरीवर आम्हाला पोहरा शिवू देत नसत. वरून ओंजळीत पाणी ओतायचे. उत्तमराव माझ्याच वयाचा. वडलांची नजर चुकवून तो मला पोहरा द्यायचा आणि आम्ही दोघं त्याला तोंड लावून प्यायचो. इतकी वर्षं मला त्यातला पोहरा आठवायचा. आता मी मुद्दाम ओंजळ आठवतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

हिंगोलीला गेलो. रत्नपालकडून पलटणीच्या चौकशीसाठी अर्ज टाईप करून घेतला. शब्द मी सांगितले. बत्तीस वर्षं निबंध तपासले आहेत, अर्ज कसा टोकदार करायचा मला कळतं.

'कर्तव्यावर असताना फोनवर गाणे म्हणून शत्रूस वाट देणाऱ्या इसमास कडक शिक्षा व्हावी. त्या वेळेचा, त्या मोर्च्यावरील फोनचा संपूर्ण तपशील काढावा. समोर कोण ऐकत होते, त्याचेही नाव उघड करावे. ऐकणाराही तितकाच दोषी आहे.'

शेवटचं वाक्य मला ऐनवेळी सुचलं. रत्नपाल म्हणाला, "काका, हे कशाला? ऐकणाऱ्याला काय म्हाईत, हा कुठं उभा हाय?"

म्हटलं, "विचारायला नको? समोरचा पलटणीतला माणूस, कुठून बोलतोस एवढं विचारता येत नाही?"

त्यानं टाईप केलं. जीपमधून परत येताना फार दिवसांनी एक जुनी चाल गुणगुणलो. मग लक्षात आलं आणि थांबलो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

हरीशला घरी सोडलं आहे, चौकशी होईपर्यंत. कुबडी घेऊन ओसरीवर बसला होता. मी आत गेलो नाही, उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"त्या वेळी गाणं म्हणत होतास?"

त्यानं कुबडी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "व्हय गुरुजी."

"कुणासाठी?"

"माझ्याच माणसासाठी."

"कोणतं गाणं?"

तो खाली बघत राहिला. सुमनबाई दारातून म्हणाली, "गुरुजी, मारायचं तं मारा त्याला, पण असं नका विचारू." मी तिच्याकडे पाहिलं नाही.

लहानपणीही तो असाच. चुकला की खाली मान. आवाज फुटक्या डब्यासारखा. पंधरा ऑगस्टला समूहगीत असलं की मी त्याला म्हणायचो, "हरीश, तू नुसते ओठ हलव." आणि तो शेवटच्या रांगेत मन लावून ओठ हलवायचा. सिद्धेश्वरच्या धरणावर सहल नेली होती तेव्हा सगळा वर्ग भिंतीवर उभा राहून पाण्याची कविता म्हणत होता. धम्मदीप पुढे, हा मागे, नुसते ओठ हलवत. दोघांनी एकमेकांचा शर्ट धरला होता. तो शर्ट त्यानं कधी सोडला, एवढंच मला कळत नाही.

निघताना म्हणालो, "अर्जात तुझा गळा दाबण्याइतकं सगळं लिहिलंय."

म्हणाला, "बराबर केलं, गुरुजी. फोनचं तेवढं लिहू नका."

भ्याला. आता खरा भ्याला.

म्हटलं, "तेच तर लिहिलंय."

बुधवार, ३ डिसेंबर

आज कळमनुरीला गेलो. केशरला सांगितलं, पेन्शनच्या कामाला हिंगोलीला जातो.

व्यंकटरावांचं बाजारात हळदीचं दुकान आहे. आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला, शहिदाचे वडील म्हणून पायाला हात लावला. मी सगळं सांगितलं. गाणं सांगितलं, 'व्हय गुरुजी' सांगितलं. पुनम आतल्या पडद्यापाशी उभी होती, तिचे पाय दिसत होते. मी आवाज थोडा वाढवला.

विचारलं, "पोरी, नऊ तारखेला संध्याकाळी हरीश तुझ्याशी बोलत होता का?"

आतून म्हणाली, "न्हाई. रविवारी कधीच न्हाई बोलत ते. रविवारी जागा दुसऱ्याला देतो म्हणायचे."

व्यंकटराव म्हणाले, "म्हणजे तिसरीच कोणी हाय." आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. लग्न मोडलं. माझ्या देखत उत्तमरावला फोन केला.

परतीच्या जीपमध्ये खिडकीशी बसलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसानं शेतं पांढरी झाली होती. असं पांढरं पाहिलं की पूर्वी मला कविता सुचायची. आज वाटलं, अजून काय काढून घेता येईल त्याचं?

शनिवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. विहारात वंदना झाली. घरी आल्यावर केशरनं मेणबत्ती लावली, एक बाबासाहेबांपुढे, एक धम्मदीपच्या फोटोपुढे. मग माझ्यासमोर बसली.

"कळमनुरीला गेल्ते म्हणे तुमी."

"गेलो होतो. लग्न मोडलं."

"एक विचारू? हरीशला गाता येतं का?"

मी म्हटलं, "नाही येत. मीच तर त्याला..."

आणि माझं वाक्य तिथेच राहिलं.

केशर माझ्याकडे बघत होती. तिचा आवाज अगदी साधा होता, पाणी हवं का विचारावं तसा. "त्या दिवशी कुत्रं भुंकू राहिलं होतं. लेकरानं एक मिनिट मागितलं. तवापासून मी रोज म्हणते, हे आज तरी समजतील. तुमी रोज कागदं लिहू राहिले."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"टीव्हीवर त्यो पोरगा गाना म्हणला तवापासून. आपल्या घरात कवितेला गाणं कोणी म्हणत न्हाई. पण बाहेरच्याला ते गाणंच वाटणार की."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुमी जेवायला लागले होते," ती म्हणाली.

कपाट उघडलं. तो कागद काढला. हल्ल्याची वेळ: सतरा वाजून दहा मिनिटे. माझा फोन काढला. त्यात अजून आहे. धम्मदीप, ९ नोव्हेंबर, ५.०१, नऊ मिनिटे.

टेकडीवर झाड नव्हतं. दगडही नव्हता. तीन नंबरचा मोर्चा होता.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळीच उत्तमरावांकडे गेलो. आत जाऊन हरीशसमोर जमिनीवर बसलो. तो घाईनं खाली सरकायला लागला, जखमेचा पाय वाकेना.

म्हटलं, "आज ओठ हलवून चालायचं नाही. आवाज काढ."

बराच वेळ रडला. मग सांगितलं.

"अख्ख्या तळावर तीन नंबरलाच रेंज यायची. दर रविवारी पाच ते सहा माझी पाळी धम्या करायचा. वहीत नाव माझं, उभा तो. मी तवर भटारखान्यात चपात्या लाटायचो. तुमचा फोन आला की तो आमाला सोमवारी सांगायचा, काल ही कविता झाली, काल ती झाली. गुरुजी, त्यो खुश असायचा. तुमी बळंच म्हणायला लावायचे असं न्हाई."

"मग तू का सांगितलंस, मी गात होतो म्हणून?"

"मी त्याला पाळी दिली नसती तर मी तिथं असतो. तेवढं तर माझं हाय ना. आन त्यानं ओरडून सगळ्याला उठवलं, अकरा गोळ्या मारल्या, ते खोटं न्हाई. एका फोनपायी ते सगळं पुसून टाकतील. शाळेला नाव देणार म्हणतेत. मला वाटलं, असू द्या. पायानं मी तसाबी परत जाणार न्हाई." मग हळूच म्हणाला, "आन तुमाला कळू नये म्हणलं."

उत्तमराव खांबाला टेकून उभे होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी वाट पाहिली. वाटलं, आता म्हणतील, उठा इथून. मला ते ऐकायचं होतं. त्यांनी लोटीभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं आणि शेतात निघून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी ते पाणी प्यायलो असतो.

संध्याकाळी पाच वाजले. हात फोनकडे गेला. तुरीच्या शेंड्यांवर ऊन होतं.

तीन आठवडे ज्याला शोधत हिंडलो तो सापडला आहे. त्याच्याबद्दलचा माझा राग जराही कमी झालेला नाही. ऐकणाराही तितकाच दोषी आहे, हे मी स्वतः सांगून लिहून घेतलं आहे आणि ते वाक्य मी मागे घेणार नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

केशरला घेऊन हिंगोलीला गेलो. उद्या कळमनुरीला जायचं आहे. व्यंकटराव खुर्ची देतील की नाही, सांगता येत नाही. उभ्यानंच सांगायचं, पडद्याआड ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

रत्नपालला म्हटलं, दुसरा अर्ज लिही. 'मागील अर्जात ज्यास कडक शिक्षा मागितली, त्याचे नाव चुकले आहे. त्या वेळी मोर्चा क्रमांक तीनवर माझा मुलगा धम्मदीप होता. फोन मी लावला होता. गाणे नव्हते, कविता होती.'

रत्नपालनं हात थांबवले. "काका, हे गेलं तर पदक जाईल. शाळेचं नाव जाईल. लोक काय म्हणतील धम्मदीपला?"

मी केशरकडे पाहिलं. हे मी रात्रभर तिला विचारू शकलो नव्हतो.

ती म्हणाली, "माझ्या लेकरानं चाळीस माणसं वाचवली. ती जित्ती हायेत. पदक नसलं म्हणून मरतेत का? आन त्या दुसऱ्या आईचंबी लेकरूच हाय. लिही, रत्ना."

तो पुन्हा लिहू लागला. मी सांगत होतो. 'माझ्या मुलाने धोका ओळखला होता. त्याने मजजवळ एक मिनिट मागितले. मी दिले नाही. कडवे पुरे करावयास लावले. त्याने लहानपणापासूनच्या सवयीने आज्ञा पाळली. सबब मूळ अर्जातील शिक्षेची मागणी कायम ठेवून, नाव तेवढे बदलून माझे घालावे.'

खाली मी सही केली. केशरनं माझ्या हातातून पेन घेतलं. लग्नानंतर मी शिकवलेल्या वळणदार अक्षरांत माझ्या सहीखाली लिहिलं, 'केशरबाई. फोनजवळ मी पण होते.'

रत्नपालनं कागद पुन्हा वाचला. म्हणाला, "ते विचारतील काका. कडव्यात नेमका किती वेळ गेला? अंदाजे काय लिहू?"

भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडे बघत मनातल्या मनात दुसरं कडवं म्हटलं. डोंगर मागे, पुढती माळ. शाळेतल्या चालीवर, न घाई करता, शेवटच्या ओळीपर्यंत.

"अंदाजे नको," म्हटलं. "एकोणीस सेकंद."

त्यानं ते लिहिलं.